सात नंबरचा मालक कोण?

 

संक्रांतीचं हळदीकुंकू आणि बॉस्टनचा बर्फ यांचं काय साटंलोटं आहे कुणास ठाऊक, पण आमच्या घरी हळदीकुंकू ठरलं की त्या शनिवारी आभाळ भरून येतंच. एका वर्षी असंच झालं. बायका आत हळदीकुंकवात आणि वाणात रमलेल्या, पुरुष मंडळी नेहमीप्रमाणे 'फॅमिली रूम'मध्ये चिवड्याच्या डब्याभोवती जमलेली, आणि समोर टीव्हीवर सात नंबर लावलेला. कारण एकच. हवामानवाल्याने 'थांबा' म्हटलं की थांबायचं, 'निघा' म्हटलं की कोट चढवून निघायचं. श्रूजबरीपासून नॅशुआपर्यंतची माणसं आलेली, आणि रूट ४९५ वर बर्फात अडकण्याची हौस आता कोणालाच राहिलेली नाही.

आमच्या एका मित्राच्या आई, ज्यांना सगळे नुसतं 'काकू' म्हणतात, पुण्याहून येऊन त्यांच्याजवळ राहिल्या आहेत. काकूंचं अर्धं आयुष्य शनिवार पेठेतल्या वाड्यात भाडेकरू म्हणून गेलं. त्या दारात उभ्या राहून थोडा वेळ टीव्ही बघत होत्या. मग सहज म्हणाल्या, "काय रे, या सात नंबरचा मालक कोण?"

खोलीत तेव्हा तीन डॉक्टर, पाच इंजिनीयर, एक चार्टर्ड अकाउंटंट आणि आम्ही. एक म्हणाले, "एनबीसी." दुसरे म्हणाले, "छे, एनबीसी तर आता दहा नंबरवर असते." तिसऱ्यांनी रूपर्ट मरडॉकचं नाव घेतलं. कोणीतरी "सरकार असेल" असंही म्हणून पाहिलं. काकू ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तीस-तीस वर्षं इथे राहताय. पोरांना शाळेत पाठवायचं की नाही, ते ज्याच्या सांगण्यावरून ठरवलंत त्याचा मालक ठाऊक नाही? आमच्या वाड्यात शेंबड्या पोरालासुद्धा मालकाचं नाव ठाऊक असायचं."

गोष्ट खरी होती आणि आम्हाला ती लागली. म्हणून या वेळची चावडी काकूंच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

पहिल्यांदा हे सांगायला हवं की असा प्रश्न आपल्याला पडत का नाही. आपण वाढलो दूरदर्शनच्या राज्यात. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीच्या मनोऱ्यावरून 'आमची माती आमची माणसं' आणि 'गजरा' घरात यायचे आणि मालक कोण हे विचारायची गरजच नसायची. मालक दिल्लीत! टीव्हीचं आणि मालकीचं नातं आपल्या मनात तिथेच गोठलं. इथे आलो तेव्हा चार, पाच, सात हे आकडे म्हणजे नुसती बटणं वाटली. बटणामागे माणसं आहेत, त्यांचे करार आहेत, भांडणं आणि कोर्टकचेऱ्या आहेत, हे कोणी सांगितलं नाही.

तर हा कारभार चालतो कसा? आपल्याला समजेल अशा भाषेत सांगतो. एनबीसी, सीबीएस, एबीसी ही 'नेटवर्क्स' म्हणजे नाटक कंपन्या. नाटकं बसवायची, मोठे नट आणायचे, गावोगाव प्रयोग करायचे. आणि आपलं स्थानिक केंद्र म्हणजे गावातलं थिएटर. थिएटरचा मालक वेगळा, कंपनीचा मालक वेगळा. दोघांत काही वर्षांचा करार असतो की या गावात आमचे प्रयोग तुमच्याच थिएटरात होतील. याला म्हणायचं 'अॅफिलिएशन'. कंपनीचा प्रयोग नसेल तेव्हा थिएटरवाला स्वतःचे कार्यक्रम करतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या स्थानिक बातम्या, हवामान, रस्त्यांची हालहवाल. मध्यंतरातले वडे आणि चहा विकून, म्हणजे स्थानिक जाहिरातींतून, त्याची मुख्य कमाई. काही थिएटरं कंपनीच्या स्वतःच्या मालकीचीही असतात, पण बहुतेक नसतात.

आता खरी गंमत. हे थिएटर ज्या जागेवर उभं आहे ती जागा थिएटरवाल्याची नाहीच. ती आहे हवेतली, आणि १९३४ च्या कायद्यानुसार हवेतल्या लहरी कोणालाही मालकीने मिळत नाहीत. केंद्राला मिळतो तो फक्त ठराविक मुदतीचा परवाना. तो देते फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, आणि अट असते जनतेच्या हिताची. पूर्वी हा परवाना तीन वर्षांचा असे, १९८१ साली टीव्हीसाठी पाच वर्षांचा झाला आणि १९९६ पासून आठ वर्षांचा. मुदत संपली की नूतनीकरण. आता तुम्ही म्हणाल, नूतनीकरण काय, शिक्का मारून मिळत असेल. बहुतेक ठिकाणी तसंच झालं. पण आपल्या बॉस्टनमध्ये दोन केंद्रांचे परवाने चक्क काढून घेतले गेले. एकाच शहरात दोन! असं दुसरं गाव शोधायला गेलात तर दमाल.

पहिली गोष्ट पाच नंबरची. जुन्या वाचकांनाही ही फारशी ठाऊक नसेल, कारण आपल्यापैकी फार थोडे तेव्हा इथे होते. १९५७ साली पाच नंबरचा परवाना इथल्या 'हेरल्ड ट्रॅव्हलर' वर्तमानपत्राच्या कंपनीला मिळाला. पुढे उघडकीला आलं की अर्जाचा निकाल लागायच्या आधी वर्तमानपत्राचे प्रकाशक आणि एफसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष बरोबर जेवले होते. आपल्याकडे अशा जेवणाची बातमीसुद्धा झाली नसती. इथे त्या जेवणाचं पाणी पंधरा वर्षं ढवळत राहिलं. शेवटी जानेवारी १९६९ मध्ये एफसीसीने पाच नंबर 'बॉस्टन ब्रॉडकास्टर्स' नावाच्या स्थानिक मंडळींच्या गटाला द्यायचं ठरवलं. कोर्टकज्जे झाले, सुप्रीम कोर्टाने लक्ष घालायला नकार दिला आणि १९ मार्च १९७२ ला पाच नंबर रातोरात बदलला. टीव्हीच्या कमाईवर तगलेलं ते वर्तमानपत्र तीन महिन्यांत विकलं गेलं आणि दुसऱ्या पत्रात विलीन झालं.

नवे मालक कोण होते? त्यांचे प्रमुख लिओ बेरानेक. ध्वनिशास्त्राचे नामांकित शास्त्रज्ञ, एमआयटीत शिकवलेले, आणि केंब्रिजच्या 'बीबीएन' कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. आपल्यातल्या संगणकवाल्यांना बीबीएन सांगायला नको, आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाची, आर्पानेटची, पहिली जोडणीयंत्रं तिथेच घडली. म्हणजे टीव्ही चालवायला आले ते इंजिनीयर आणि प्राध्यापक. आम्ही गावचे, आम्ही गावासाठी भरपूर कार्यक्रम करू, असं त्यांनी वचन दिलं होतं, आणि वचन पाळलंही. नीडमच्या स्टुडिओतून स्थानिक कार्यक्रमांचा असा धडाका लावला की देशभर नाव झालं. १९८१ साली तर त्यांनी हेन्री फोंडा आणि मर्ना लॉय यांना घेऊन चक्क एक चित्रपट केला आणि एबीसीने तो देशभर दाखवला. थिएटरवाल्याने बसवलेलं नाटक कंपनीने गावोगाव नेलं, असा तो उलटा प्रकार. १९८२ साली सुरू झालेला 'क्रॉनिकल' हा कार्यक्रम त्याच परंपरेतला. न्यू इंग्लंडमधली लहान लहान गावं आपल्यापैकी कित्येकांनी आधी 'क्रॉनिकल'मध्ये पाहिली आणि मग पाहुण्यांना घेऊन तिथे गेलो.

पण मंडळी, इथे एक खडा लागतो. गावचे मालक म्हणून ज्यांना परवाना मिळाला त्यांनी १९८२ साली पाच नंबर मेट्रोमीडिया कंपनीला २२ कोटी डॉलरला विकला. कोणत्याही एका केंद्राला तोपर्यंत न मिळालेली ती किंमत. चारच वर्षांत, १९८६ साली, तोच पाच नंबर हर्स्ट कंपनीने ४५ कोटींना घेतला. जागा जनतेची, परवाना फुकटात मिळालेला, आणि पागडी मात्र कोटींची. हे ऐकून काकू खुदकन हसल्या. "म्हणजे पागडी इथेही आहे तर!"

मरडॉकसाहेबांचं नाव घेणारे आमचे मित्रही अगदीच चुकले नव्हते. १९८५ मध्ये मरडॉकनी मेट्रोमीडियाची केंद्रं घ्यायचं ठरवलं. कायदा असा की परदेशी नागरिकाला परवाना मिळत नाही. म्हणून हे मूळचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ त्या सप्टेंबरात शपथ घेऊन अमेरिकन झाले. आपण शपथ घेतो ती आईवडिलांना बोलवता यावं म्हणून, मत देता यावं म्हणून किंवा विमानतळावरची रांग चुकावी म्हणून. साहेबांनी घेतली ती टीव्ही केंद्रांसाठी. बॉस्टनमध्ये मात्र त्यांच्याकडे आधीच 'हेरल्ड' वर्तमानपत्र होतं, आणि एकाच गावात वर्तमानपत्र आणि टीव्ही केंद्र एका मालकाकडे नको असा १९७५ पासून नियम होता. म्हणून पाच नंबर हर्स्टकडे गेला. पुढे पंचवीस नंबरच्या पायीही तोच पेच पडला. सिनेटर टेड केनेडी आणि मरडॉक यांचं त्यावरून जुंपलं. साहेबांनी पंचवीस नंबर विकला, १९९४ साली वर्तमानपत्र विकलं आणि १९९५ साली पंचवीस नंबर परत घेतला! २०१४ साली फॉक्सने तो सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्राच्या बदल्यात कॉक्स कंपनीला दिला, आणि २०१९ साली कॉक्सची केंद्रं अपोलो या गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात गेली. भाजीबाजारातल्या वांग्यांनीसुद्धा इतके हात पाहिले नसतील.

आता वळू सात नंबरकडे. हे केंद्र १९४८ सालचं. पुढे आरकेओ जनरल कंपनीकडे होतं. त्यांच्या मूळ कंपनीचे, जनरल टायरचे, परदेशातल्या लाचलुचपतीसकट बरेच उद्योग बाहेर आले, आणि आरकेओने ते एफसीसीपासून लपवले असा ठपका आला. १९८० साली एफसीसीने परवाना काढायचं ठरवलं, कोर्टाने ते उचलून धरलं, आणि २२ मे १९८२ पासून सात नंबर डेव्हिड मुगर यांच्या गटाकडे आला. मुगर म्हणजे चार जुलैला चार्ल्स नदीच्या काठी ज्यांच्यामुळे बॉस्टन पॉप्सबरोबर आतषबाजी व्हायची ते. त्या आतषबाजीला आपण पोरंबाळं, चादरी आणि पुरीभाजी घेऊन कितीदा गेलो असू! १९९० साली त्यांनी केंद्राचं नाव डब्ल्यूएचडीएच ठेवलं. हे नाव १९७२ पर्यंत पाच नंबरचं होतं, त्यामुळे जुन्या गावकऱ्यांचा गोंधळ होतो. नाव तेच, केंद्र निराळं.

१९९३ मध्ये मुगर गटाने सात नंबर विकला २१ कोटी ५० लाखांना, आणि घेतला तो एड अॅन्सिन यांच्या सनबीम कंपनीने. काकू, हे तुमचे मालक! माणूस मूळचा मॅसॅच्युसेट्सचाच, पण बस्तान मायामीत. तिथलाही सात नंबर त्यांचा, आणि गंमत म्हणजे तोही १९६२ मध्ये आधीच्या मालकांचा परवाना गेल्यावरच त्यांच्या घराण्याकडे आला होता. मायामीत त्यांचा एनबीसीशी करार होता. पण एनबीसीने तिथे दुसरंच केंद्र विकत घेतलं आणि १ जानेवारी १९८९ पासून आपले प्रयोग तिकडे नेले. आता अॅन्सिन संपले, असं लोक म्हणाले. त्यांनी नुकत्याच निघालेल्या फॉक्सशी करार केला, मोकळ्या झालेल्या तासांत स्थानिक बातम्या भरल्या, आणि केंद्र भरभराटीला आणलं.

बॉस्टनमध्ये त्यांना एनबीसी मिळाली ती अदलाबदलीत. चार नंबर १९४८ पासून एनबीसीचा. पण चार नंबरच्या मालकांनी, म्हणजे वेस्टिंगहाउसने, १९९४ साली सीबीएसशी हातमिळवणी केली. २ जानेवारी १९९५ ला आपण उठलो तेव्हा 'सायनफेल्ड' चारवरून सातवर आणि 'सिक्स्टी मिनिट्स' सातवरून चारवर गेलेलं. कित्येक घरांत त्या आठवड्यात व्हीसीआरने भलतंच काहीतरी टेप केलं. त्याच वर्षी वेस्टिंगहाउसने सीबीएसच विकत घेतली, तेव्हापासून चार नंबर कंपनीच्या मालकीचंच थिएटर झालं. ती कंपनी पुढे व्हायाकॉममध्ये गेली, मग पॅरामाउंट झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्कायडान्समध्ये विलीन झाली.

आता या कहाणीत केबलवाला येतो. १९९२ च्या कायद्याने स्थानिक केंद्रांना हक्क मिळाला की आमचं प्रक्षेपण तारेवरून द्यायचं तर आमची परवानगी घ्या, आणि हवे तर पैसे मोजा. ते पैसे कुठून येतात? तुमच्या बिलातून. बिलावर 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' अशी एक ओळ असते ना, जिच्यावर आपण दरमहा चष्मा पुसून नजर टाकतो, ती याच्याशीच संबंधित. पूर्वी कंपनी थिएटरला प्रयोगाचे पैसे द्यायची. केबलचे पैसे थिएटरकडे यायला लागल्यावर कंपनी म्हणाली, आता तुम्हीच आम्हाला द्या. गंगा उलटी वाहायला लागली.

आणि २०११ च्या जानेवारीत प्रेक्षकांना थिएटरपर्यंत आणणाऱ्या केबलवाल्यानेच नाटक कंपनी ताब्यात घेतली. कॉमकास्टने एनबीसी घेतली. पाच वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, एनबीसीने जाहीर केलं की बॉस्टनमध्ये आम्ही स्वतःचं थिएटर काढतोय, सात नंबरशी करार वाढवणार नाही. अॅन्सिन तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांनी मार्चमध्ये दावा लावला, मे महिन्यात कोर्टाने तो फेटाळला. १ जानेवारी २०१७ पासून एनबीसी गेली. नव्या केंद्राचं प्रक्षेपण सुरुवातीला मुख्यतः न्यू हॅम्पशायरचा परवाना असलेल्या केंद्रावर अवलंबून होतं. केबल न घेणाऱ्या, अँटेनावर टीव्ही बघणाऱ्यांचं काय, हा प्रश्न तेव्हा गाजला. २०१८ मध्ये इथल्या सार्वजनिक केंद्राच्या लहरीत वाटा घेऊन तो बराच सुटला.

आणि सात नंबर? मायामीत केलं तेच अॅन्सिननी इथे केलं. नाटक कंपनी गेली तर गेली, आपली हौशी मंडळी आहेतच! रात्री नऊपासून स्थानिक बातम्या सुरू केल्या आणि कोणत्याही नेटवर्कशिवाय केंद्र चालवून दाखवलं. जुलै २०२० मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. कंपनी त्यांच्या मुलांनी पुढे चालवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मायामीत एबीसी नेटवर्क आपलं जुनं घर सोडून याच सनबीमच्या दारात आलं. चक्र असं फिरतं.

अॅन्सिन म्हणजे कोणी संत नव्हेत, हेही लिहिलं पाहिजे. सात नंबरच्या भडक मथळ्यांवर, पोलिसांच्या दिव्यांवर आणि आगीच्या दृश्यांवर गावातल्या जाणकारांनी कडक टीका केली, आणि ती काही अगदीच चुकीची नव्हती. शिवाय त्यांच्याच दुसऱ्या केंद्राच्या, छप्पन्न नंबरच्या, लहरी २०१७ च्या लिलावात सरकारला परत करण्याबद्दल कंपनीला १६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. जागा जनतेची, आणि ती सोडायचे पैसे भाडेकरूला! काकूंच्या वाड्याचीसुद्धा शेवटी अशीच काहीतरी गोष्ट झाली होती म्हणतात. पण एक फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मालक एक माणूस होता, त्याला नाव होतं, चेहरा होता, आणि एनबीसी गेली त्या दिवशी काय करायचं हे त्याला याच गावाकडे बघून ठरवावं लागलं. शंभर-दोनशे केंद्रांची मालक कंपनी तसं ठरवीलच असं नाही. २०१८ साली सिंक्लेअर कंपनीच्या डझनावारी केंद्रांतल्या वृत्तनिवेदकांनी मुख्य कचेरीतून आलेला एकच मजकूर शब्दशः वाचला होता. त्यांचे चेहरे एकापुढे एक जोडलेली ती फीत पुष्कळांनी पाहिली असेल. गाव वेगळं, माणूस वेगळा, शब्द तेच. प्रॉव्हिडन्सचा दहा नंबर त्याच कंपनीने २०१४ मध्ये घेतलेला.

आणि नियम सैल होत गेले आहेत. परवान्याच्या गावात मुख्य स्टुडिओ ठेवलाच पाहिजे, ही अट २०१७ मध्ये गेली. वर्तमानपत्र आणि केंद्र एका हाती नको, हा नियम काढायला सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये मोकळीक दिली. आणि बेरानेक यांच्यासारखं 'यांचा परवाना आम्हाला द्या' असा प्रतिस्पर्धी अर्ज नूतनीकरणाच्या वेळी करायची सोय तर १९९६ सालीच बंद झाली.

मग आपल्या हातात राहिलं काय? आपल्यातले काही लगेच म्हणतील, "अहो, आम्ही स्थानिक टीव्ही बघतोच कुठे? आमचं सगळं इंटरनेटवर." पोरांच्या शाळेची सुट्टीसुद्धा आता फोनवर कळते. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीसमोर पहाटे पाचला बसायचे दिवस गेले. अॅक्टनवाले लवकर सुटायचे, श्रूजबरी-वेस्टबरोवाल्यांचा जीव टांगणीला, आणि नेमका चहा उतू गेला म्हणून नजर हटली की परत 'ए'पासून! सगळं कबूल. पण २०१३ चा एप्रिल आठवा. मॅरेथॉनच्या दिवशी स्फोट झाले आणि त्या शुक्रवारी वॉटरटाउन आणि आसपासच्या गावांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं, तेव्हा दिवसभर आपण काय बघत होतो? मुंबई-पुण्याहून फोनवर फोन येत होते आणि आपण त्यांना स्थानिक केंद्रावरचं ऐकून सांगत होतो. १९७८ च्या फेब्रुवारीतल्या वादळात २७ इंच बर्फ पडला, २०१५ च्या हिवाळ्यात एकूण ११० इंच. कोणता रस्ता बंद, कुठे वीज गेली, हे न्यूयॉर्कहून किंवा अटलांटाहून कोणी सांगत नाही. ते गावातलाच माणूस सांगतो. आणि तो माणूस एका दिवसात तयार होत नाही. शांत दिवसांत त्याचा पगार कोणीतरी दिलेला असावा लागतो.

आपल्या मनाला लागणारी आणखी एक गोष्ट आहे. तीस वर्षं आपण या केंद्रांकडे नुसतं बघत आलो. नॅटली आणि चेट हे नवराबायको पाच नंबरवर शेजारी बसून बातम्या द्यायचे, त्यांच्या तोंडाकडे बघून आपण इथल्या गावांचे उच्चार शिकलो. 'वूस्टर' असं म्हणायचं हे स्पेलिंग पाहून कोणाला कळलं असतं? पण 'आमच्याकडेही बघा' असं आपण त्यांना कधी म्हटलं नाही. आपल्या गणेशोत्सवाला कोणी वार्ताहर आला नाही ही तक्रार दर वर्षी होते. बोलावलं होतं का, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

तर ऐका. प्रत्येक केंद्राला दर तीन महिन्यांनी एक यादी करावी लागते. आमच्या भागातले महत्त्वाचे प्रश्न कोणते आणि त्यांवर आम्ही कोणते कार्यक्रम दाखवले, अशी ती यादी. म्हणजे आपल्या या अंकासारखं त्यांचंही त्रैमासिकच म्हणा. ती एफसीसीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. कोणत्या जाहिरातदाराने निवडणुकीत किती पैसे मोजले, तेही तिथेच. नूतनीकरणाच्या वेळी प्रेक्षकाला हरकत घेता येते. हा हक्कही सहज मिळालेला नाही. मिसिसिपीतल्या जॅक्सन गावचं केंद्र कृष्णवर्णीयांची बाजू दाखवत नाही म्हणून तिथल्या रहिवाशांनी एका चर्चच्या मदतीने १९६४ साली तक्रार केली. एफसीसी म्हणाली, तुमचा संबंध काय? १९६६ साली कोर्ट म्हणालं, प्रेक्षकाचा संबंध आहेच. तीन वर्षांनी त्या केंद्राचा परवाना रद्द झाला. ज्यांना मतदानाचा हक्कसुद्धा झगडून मिळवावा लागला त्यांनी हे करून दाखवलं. आपल्याला तर नुसतं पत्र लिहायचंय, आणि त्याला ना नागरिकत्व लागतं ना वकील.

आम्ही कार्यकारिणीपुढे एक साधी सूचना ठेवली आहे. मंडळाच्या नावाने चारही केंद्रांना एकेक पत्र जावं. त्यात तक्रार नको. आमची इतकी घरं तुमच्या क्षेत्रात आहेत, आमच्या वृद्धांना हिवाळ्यात कोणत्या अडचणी येतात, आमचे सण कधी असतात, आणि बोलायला माणूस हवा असेल तर आमच्याकडे कोण आहे, एवढंच असावं. तुमच्या गावचा कोणता प्रश्न त्यात यायला हवा, ते पुढच्या अंकाआधी आम्हाला कळवा. दोन ओळी पुरेत.

हे सगळं आम्ही काकूंना जाऊन सांगितलं. मालकाचं नाव, त्याचा इतिहास, परवाना, जनतेच्या लहरी, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अरे, म्हणजे सात नंबरवाला भाडेकरू. आणि मालक आपण?"

"तसंच म्हणायचं."

"मग तीस वर्षांत एकदाही भाडं मागायला गेला नाहीत?"

आम्ही निमूटपणे तिळगुळाची वडी तोंडात टाकली. गोड बोलायचा दिवस होता, पण बोलण्यासारखं काही नव्हतं.

लोभ आहेच, तो वाढावा. पत्रांची वाट पाहतो.